मथुरेचं पुरातत्त्व संग्रहालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मथुरा-वृंदावनच्या यात्रेला निघालेली घरची आणि ओळखीची माणसं मला गेली काही वर्षं हेच प्रश्न विचारत आली आहेत. काही प्रश्न जाण्याआधी येतात, काही परत आल्यावर. ज्यांना संग्रहालयात जाताच आलं नाही, त्यांचे प्रश्न सगळ्यात जास्त असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

आम्ही देवदर्शनाला चाललो आहोत. त्यात संग्रहालय कशासाठी?

दर्शनासाठीच. आज मथुरेत तुम्ही जी देवळं बघता, ती बहुतेक गेल्या चार-पाचशे वर्षांतली आहेत. मथुरा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तीर्थक्षेत्र होतं, आणि ते एकाच पंथाचं नव्हतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्षू फाहियान इथून गेला, तेव्हा त्याला यमुनेच्या दोन्ही तीरांवर वीस विहार आणि सुमारे तीन हजार भिक्षू दिसले. जैनांचा एक स्तूप इतका जुना होता, की तो माणसांनी नव्हे, देवांनी बांधला असं लोक दुसऱ्या-तिसऱ्या शतकातच मानू लागले होते. यक्षांची ठाणी होती, तळ्याकाठी नाग होते, यज्ञ करणारे ब्राह्मण होते, मध्य आशियातून आलेले कुषाण राजे होते. त्या मथुरेतलं आज गावात फिरताना काहीही दिसत नाही. त्यातलं जे मथुरेत उरलं, ते डॅम्पियर नगरातल्या या एका इमारतीत आहे.

हे संग्रहालय कधी आणि कोणी सुरू केलं?

१८७४ साली, मथुरेचे तेव्हाचे कलेक्टर फ्रेडरिक सॅल्मन ग्राउस यांनी. ग्राउस हे कचेरीपुरते अधिकारी नव्हते. त्यांनी तुळशीदासांच्या रामायणाचं इंग्रजी भाषांतर केलं, मथुरा जिल्ह्याची गावोगावची माहिती, दंतकथा आणि देवळांचा इतिहास जमवून मोठा ग्रंथ लिहिला. जिल्ह्यात कुठेही खोदकाम झालं की जुने दगड निघायचे. ते एका छपराखाली यावेत म्हणून त्यांनी कचेरीजवळची नक्षीदार दगडी कामाची एक लहानशी इमारत निवडली. तिचं काम आधीचे कलेक्टर थॉर्नहिल यांच्या काळात विश्रामगृह म्हणून सुरू झालेलं होतं. लोकांसाठी ती १८८१ साली खुली झाली.

मग काही काळ ढिलाईचा गेला. संग्रहालयाला खरा आकार आला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, दोन माणसांमुळे. एक डच संस्कृतज्ञ फोगेल. त्यांनी प्रत्येक मूर्ती मोजून, लेख वाचून १९१० साली पूर्ण कॅटलॉग छापला. दुसरे पंडित राधाकृष्ण. ते मथुरेतलेच. खेड्यापाड्यांत, विहिरींत, यमुनेच्या पात्रात जिथे म्हणून कोरीव दगड असल्याचं कळेल तिथे ते जात आणि लोकांना समजावून तो दगड संग्रहालयात आणत. फोगेल यांचं नाव जगभरच्या पुस्तकांत येतं. राधाकृष्ण यांचं नाव तळटीपेत येतं. मला ते पहिल्या ओळीत यावंसं वाटतं, कारण आज आपण ज्या मूर्तींसमोर थबकतो त्यांतल्या कितीतरी त्यांनी आणलेल्या आहेत.

संग्रहालय होण्याआधी मथुरेच्या मूर्ती कुठे जात होत्या?

सगळीकडे. १८३६ साली कर्नल स्टेसी यांना मिळालेलं मद्यपानाच्या प्रसंगाचं शिल्प कोलकात्याला गेलं. भूतेश्वर भागातल्या कठड्याचे खांब, ज्यांवर पोपटाचा पिंजरा घेतलेली यक्षी आणि तिच्या सख्या कोरल्या आहेत, तेही फुटले: काही कोलकात्यात, काही इथे. कंकाली टीला (टीला म्हणजे टेकाड) हे जैनांचं सर्वात मोठं ठिकाण. तिथे १८८८ ते १८९१ या काळात पुरातत्त्व खात्याच्या फ्यूरर यांनी शेकडो शिल्पं खणून काढली आणि ती लखनौला नेली. त्यामुळे मथुरेची जैन कला नीट पाहायची असेल तर लखनौचं राज्य संग्रहालयही पाहावं लागतं.

यातली एक गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी १८६९ साली मथुरेत आले. सप्तर्षी टीला इथल्या शीतलादेवीच्या ठाण्याच्या पायरीत बसवलेला एक दगड त्यांच्या नजरेला पडला. त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले दोन सिंह होते आणि अंगभर खरोष्ठी या वायव्येकडच्या जुन्या लिपीत मजकूर होता. मथुरेच्या शक क्षत्रपांची, म्हणजे तिथल्या शक सत्ताधीशांची, सगळी वंशावळ या एका दगडामुळे हाती आली. भगवानलाल १८८८ साली वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे तो सिंहस्तंभशीर्षाचा दगड ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. तो मथुरेत राहिला असता तर किती बरं झालं असतं, असं मला दर वेळी वाटतं. पण पायरीतल्या दगडावर खरोष्ठी आहे हे ओळखणारा तोच एक माणूस तिथे पोचला होता, हेही तितकंच खरं.

आजची इमारत तीच का?

नाही. संग्रह वाढला, जुनी जागा अपुरी पडली, आणि १९३०च्या सुमारास संग्रहालय डॅम्पियर पार्कमधल्या लाल दगडाच्या नव्या इमारतीत आलं. १९३१ साली वासुदेवशरण अग्रवाल इथले क्युरेटर झाले आणि त्यांनी मूर्तींचा अर्थ जुन्या संस्कृत-प्राकृत ग्रंथांतल्या शब्दांतून उलगडायला सुरुवात केली. नावही बदलत गेलं: कर्झन म्युझियम, मग पुरातत्त्व संग्रहालय, आता राजकीय संग्रहालय (हिंदीत राजकीय म्हणजे सरकारी). रिक्षावाल्याला नुसतं ‘म्युझियम’ म्हटलं तरी चालतं.

सगळ्या मूर्ती लाल का आहेत? आणि त्यांच्यावर पांढरे डाग कसले?

तो दगडाचाच रंग. फत्तेपूर सिक्रीच्या परिसरातला हा वालुकाश्म. लाल अंगावर पिवळसर-पांढरे ठिपके हीच त्याची ओळख. मथुरेच्या कारागिरांचा हा घरचा दगड, आणि तो ओळखता आला की तुम्हाला उत्तर भारतभर मथुरेचा माल ओळखता येतो. सारनाथच्या संग्रहालयात भिक्षू बल याने कुषाण राजा कनिष्क याच्या राज्याच्या तिसऱ्या वर्षी उभारलेली बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती आहे. तिचा दगड पाहा: तोच ठिपकेदार लाल. म्हणजे ती मथुरेत घडली आणि नदीवाटेने किंवा गाड्यांवरून इतक्या लांब गेली. श्रावस्तीला, सांचीला, कौशांबीलाही इथून मूर्ती गेल्या. आज जयपूरहून संगमरवरी मूर्ती मागवतात, तसं तेव्हा मथुरेकडे बघत असावेत.

डोकं नसलेला राजा तो हाच ना?

हाच. शाळेच्या पुस्तकातलं चित्र आठवून लोक हा प्रश्न विचारतात, आणि समोर उभे राहिले की गप्प होतात, कारण चित्रात त्याचा आकार कळत नाही. डोकं आणि दंड नसूनही दगड सुमारे १८५ सेंटिमीटर उंच आहे. गुडघ्याखाली येणारा घोळदार कोट, कमरेला पट्टा, बाहेरच्या बाजूला वळलेले जाड बूट. उजवा हात गदेवर, डावा तलवारीच्या मुठीवर. कोटाच्या खालच्या घेरावर आडवा लेख आहे: महाराज राजातिराज देवपुत्र कनिष्क. बाकीच्या मथुरेत सगळी शरीरं गोल, मऊ, श्वास भरलेली. आणि हा माणूस फळीसारखा सपाट, सरळ रेषांचा. कारागीर तेच, दगड तोच, पण मागणी वेगळी होती: थंड मुलखातून आलेल्या घोडेस्वार राजाला आपलं मूळ झाकायचं नव्हतं.

ही मूर्ती यमुनेपलीकडच्या माट गावाजवळ, टोकरी टीला नावाच्या टेकाडात १९११-१२ साली पंडित राधाकृष्ण यांना सापडली. एकटीच नव्हे. सिंहासनावर बसलेल्या वेम राजाची दोन मीटरहून उंच मूर्ती तिथेच मिळाली, तिलाही डोकं नाही. तिच्यावरच्या लेखात देवकुल, बाग, तळं आणि विहीर यांचा उल्लेख आहे. देवकुल म्हणजे इथे राजघराण्याच्या प्रतिमांचं मंदिर. हा वेम कुठला, कडफिसेस की वेम तक्तू, यावर बराच वाद झाला आहे. अफगाणिस्तानातल्या रबातक इथला लेख १९९३ साली मिळाल्यावर कुषाण राजांची पिढी नव्याने लावावी लागली, तेव्हापासून तक्तूकडे कल वाढला आहे.

माटचं तिसरं धड बघायला विसरू नका. लोक त्याच्यासमोरून सरळ पुढे जातात. त्याच्यावर ‘षस्तन’ अशी अक्षरं आहेत, आणि उज्जैनचा महाक्षत्रप चष्टन तो हाच असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, त्यानंतर पश्चिमेकडच्या क्षत्रपांची गादी ज्याच्या वंशाकडे गेली तो हा चष्टन. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचे लेख वाचणाऱ्या माणसाला मथुरेत त्या इतिहासाची पुढची कडी अशी समोर भेटते.

आपला शालिवाहन शक कनिष्काने सुरू केला असं ऐकलं आहे. खरं का?

इसवी सन ७८ हे कनिष्काचं पहिलं वर्ष, असं फार काळ शिकवलं गेलं. आता बहुतेक अभ्यासक कनिष्काचा काळ १२७च्या आसपास सुरू झाला असं मानतात. शकाचं श्रेय मग चष्टनाकडे जातं, असं मत अधिक बळकट आहे. म्हणजे पंचांग उघडताना आठवायचं कोणाला, तर ज्याच्यासमोरून लोक सरळ पुढे जातात त्या तिसऱ्या धडाला.

दालनातला तो आडदांड पोट सुटलेला पुरुष कोण?

परखमचा यक्ष. मथुरेच्या दक्षिणेला, आग्र्याच्या बाजूला परखम हे गाव आहे. १८८२-८३ साली पुरातत्त्व खात्याचे प्रमुख कनिंगहॅम तिथे गेले तेव्हा ही मूर्ती गावात उभी होती आणि लोक तिला पुजत होते. अडीच मीटरहून जास्त उंची, एक गुडघा किंचित वाकवलेला, छातीवर आणि पोटावर पट्टे, गळ्यात जाड दागिना. हात गेलेले आहेत, चेहरा झिजलेला आहे, तरी वजन जाणवतं. ही इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली मानतात. पुढे बुद्धाची उभी मूर्ती घडवायची वेळ आली तेव्हा मथुरेच्या कारागिरांच्या हाताला ही ठेवण आधीच ठाऊक होती.

बैठकीवर लेख आहे. इतिहासकार काशीप्रसाद जयस्वाल यांनी त्यात कुणिक हे नाव वाचलं आणि ही मगधाचा राजा अजातशत्रू याची प्रतिमा आहे असं मांडलं. मोठी खळबळ झाली. नंतर जर्मन संस्कृतज्ञ ल्यूडर्स यांनी लेख पुन्हा वाचला तेव्हा कळलं की मूर्ती माणिभद्र यक्षाची आहे आणि कुणिक हा राजा नसून कारागिराचा गुरू आहे: कुणिकाचा शिष्य गोमितक याने ही घडवली. मला ही दुरुस्ती फार आवडते. एक राजा गेला, पण बावीसशे वर्षांपूर्वीच्या एका पाथरवटाचं आणि त्याच्या गुरूचं नाव आपल्या हाती आलं.

परखमला या देवाला जखैया म्हणत. यक्षाचं प्राकृत जक्ख, त्याचं जखैया. आपल्या गावशिवेवरच्या जाखाईची आठवण इथे होते की नाही? तिचं नावही अभ्यासक यक्षीशीच जोडतात.

जुन्यात जुनी कृष्णाची मूर्ती इथे आहे का?

मराठी माणसांकडून येणारा हा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर थोडं सावकाश वाचा.

बासरी वाजवणारा, त्रिभंगी उभा असलेला, गोपींमधला कृष्ण शोधाल तर इथल्या जुन्या दालनांत निराश व्हाल. तो दगडात फार उशिरा आला. पण कृष्णभक्तीचा पुरावा मात्र इथे फार जुना आहे. मथुरेच्या पश्चिमेला मोरा नावाचं गाव आहे. तिथल्या एका विहिरीवरची लेख असलेली शिळा कनिंगहॅम यांना दिसली. ती आता संग्रहालयात आहे. महाक्षत्रप राजुवुल याचा मुलगा शोडास याच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीचा हा लेख. तोषा नावाच्या एका स्त्रीने दगडी देवघरात वृष्णींच्या पाच वीरांच्या प्रतिमा स्थापन केल्याचं त्यात म्हटलं आहे. वायुपुराणात हे पाच मोजले आहेत: संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, सांब आणि अनिरुद्ध. तेव्हा वासुदेव एकटा नव्हता. आपल्या कुळातल्या वीरांच्या पंक्तीत तो उभा होता, आणि थोरला भाऊ म्हणून संकर्षण, म्हणजे बलराम, त्याच्या आधी येत होता.

आता जुन्नरजवळच्या नाणेघाटात चला. सातवाहन राणी नागनिकेचा तिथला लेख याच्याही आधीचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. त्याच्या आरंभी देवांना नमन आहे. धर्म, इंद्र, आणि मग संकर्षण-वासुदेव. तीच जोडी, तोच क्रम. घाटमाथ्यावर जकात भरायला थांबलेल्या तांड्यांना जो देव ठाऊक होता, त्याच्या गावात तोषा नावाची बाई देऊळ बांधत होती. नाणेघाटाचा लेख पाहिलेल्या माणसाने मोऱ्याच्या शिळेसमोर दोन मिनिटं थांबावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. मोऱ्यातच मिळालेली काही धडंही संग्रहालयात आहेत. ती याच वीरांची असावीत असं काहींचं मत आहे.

आणि एक छोटं फलक. क्रमांक १७.१३४४, गायत्री टीला इथून आलेलं. नदीचं पाणी, त्यात मासे आणि मगर, फणा काढलेला नाग, आणि डोक्यावर काहीतरी उचलून धरून निघालेला माणूस. बाळकृष्णाला घेऊन यमुना ओलांडणारा वसुदेव, असा त्याचा अर्थ लावतात. सगळ्यांना तो मान्य नाही. दगड कुषाणकाळातला आहे आणि झिजलेला आहे. तरी जन्माष्टमीच्या रात्रीची गोष्ट माहीत असलेला कोणीही त्याच्यासमोर उभा राहिला की त्याला दुसरं काही सुचत नाही.

मोठा फणा असलेला उभा पुरुष म्हणजे बलराम का?

जपून उत्तर द्यावं लागतं, कारण लोकांनीही त्याला बलरामच मानलं होतं. छडगाव इथला हा नाग. कनिष्कानंतरचा कुषाण राजा हुविष्क याच्या राज्यात, कनिष्क संवताच्या चाळिसाव्या वर्षी, सेनहस्ती आणि भोणुक या दोन मित्रांनी आपल्या तळ्यावर त्याची स्थापना केली आणि भगवान नाग प्रसन्न होवोत अशी इच्छा पाठीवरच्या लेखात कोरून ठेवली. सात फण्यांची सावली, उजवा हात वर उगारलेला, सगळं अंग एका वळणात फिरलेलं. व्रजातल्या खेड्यांत असे नाग पुढे दाऊजी, म्हणजे बलराम, म्हणून पुजले गेले. बलराम शेषाचा अवतार, तेव्हा नागाचा दाऊजी होणं सोपं होतं. देवाचं नाव बदललं तरी पूजा चालू राहिली, आणि म्हणून दगड टिकला.

मथुरेच्या नैर्ऋत्येला सोंख इथे १९६६ ते १९७४ या काळात हर्बर्ट हेर्टेल यांच्या जर्मन पथकाने उत्खनन केलं. तिथे नागांचं स्वतंत्र, एका टोकाला अर्धगोल असलेलं देऊळच निघालं. नागराजाचा दरबार कोरलेली तिथली तुळई जरूर पाहा.

बुद्धाची पहिली मूर्ती मथुरेत घडली की गांधारात?

गांधार म्हणजे आजच्या पेशावरकडचा मुलूख, जिथल्या कलेवर ग्रीकांची छाप आहे. शंभर वर्षांचा वाद आहे आणि मी त्यात निकाल देणार नाही. दोन्हीकडे साधारण एकाच सुमारास, आपापल्या परंपरेतून मूर्ती घडू लागल्या असं आता बरेच अभ्यासक मानतात. पण मथुरेचा बुद्ध ग्रीकांची उसनवारी नाही, हे मथुरेतल्याच कटरा इथे मिळालेल्या मूर्तीसमोर डोळ्यांना पटतं.

ही मूर्ती लहान आहे, जेमतेम सव्वादोन फूट. सिंहासनावर मांडी घालून बसलेला तरुण, उजवा हात अभयमुद्रेत, डावा मांडीवर, कोपर बाहेर काढून. डोक्यावर शंखासारखा वळलेला केसांचा एकच बुचडा. चेहऱ्यावर उघडं, आनंदी हसू. डोळे मिटलेले नाहीत, तो तुमच्याकडे बघतो आहे. लेखात त्याला बुद्ध नव्हे, बोधिसत्त्व, म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरचा, म्हटलं आहे. बुद्धरक्षिताची आई अमोहाआसी हिने आईवडिलांसह आपल्याच विहारात, सगळ्या प्राण्यांच्या हितासुखासाठी त्याची स्थापना केली.

मग गुप्तकाळातल्या जमालपूरच्या बुद्धाकडे जा. जमालपूरच्या टेकाडावर १८६० साली कलेक्टर कचेरीचा पाया खणताना हुविष्काचा विहार सापडला होता. तिथून आलेली, भिक्षू यशदिन्नाने दिलेली ही उभी मूर्ती सात फुटांच्या आसपास आहे. चीवराच्या चुण्या पाण्यावरच्या तरंगांसारख्या, मागे फुला-वेलींची मोठी प्रभावळ, नजर खाली झुकलेली. कटऱ्याच्या मूर्तीनंतर ही पाहिली की तीन शतकांत मथुरेच्या कारागिरांनी काय कमावलं ते सांगावं लागत नाही. हसू आत गेलं आहे.

१९७६ साली गोविंदनगर भागात आणखी एक गुप्तकालीन बुद्ध मिळाला. त्याच्यावर गुप्त संवत ११५ हे वर्ष, म्हणजे इसवी सन ४३४-३५, आणि घडवणाऱ्याचं नाव आहे: दिन्न. कुशीनगरच्या महापरिनिर्वाणाच्या प्रचंड मूर्तीवरही मथुरेच्या दिन्नाचंच नाव आहे. आणि त्याच गोविंदनगरात पुढच्या वर्षी एक मोडकी बैठक सापडली. तिच्यावर फक्त पावलं उरली आहेत. पण हुविष्काच्या राज्यातल्या, कनिष्क संवताच्या सव्विसाव्या वर्षीच्या तिच्यावरच्या लेखात ही अमिताभ बुद्धाची मूर्ती असल्याचं लिहिलं आहे. चीन-जपानात कोट्यवधी लोक ज्याचा नामजप करतात, त्या अमिताभाचा भारतातला सगळ्यात जुना कोरीव उल्लेख या पावलांखाली आहे.

दोरी बांधलेला दगडी खांब कसला?

यज्ञातला यूप. पशू बांधायचा खांब लाकडी असे. हा त्याची दगडातली आठवण आहे, गाठ मारलेल्या दोरीसकट. १९१० साली विश्रामघाटासमोरच्या ईसापूर इथे यमुनेच्या पात्रात मिळाला. कुषाण राजा वासिष्क याच्या राज्यात, कनिष्क संवताच्या चोविसाव्या वर्षी, भारद्वाज गोत्राच्या द्रोणल नावाच्या सामवेदी ब्राह्मणाने बारा रात्रींचं सत्र केलं, असं त्यावर संस्कृतात कोरलं आहे. कुषाण राजवटीत शुद्ध संस्कृतातला लेख, म्हणूनही तो महत्त्वाचा.

ग्रीक पद्धतीचं काही आहे का?

आहे. ग्राउस यांना पालीखेडा इथे मिळालेला, खडकावर बसून पेला हातात घेतलेला स्थूल कुबेर. सप्तर्षी टीला इथली काळपट निळ्या दगडाची स्त्रीमूर्ती मात्र सरळ गांधारातून आलेली आहे. इतक्या लाल दगडांत ती परकी पाहुणी म्हणून लगेच कळते. सिंहशीर्षाच्या लेखातली राणी ती हीच, असं काही अभ्यासक मानतात.

मूर्तींवरच्या क्रमांकांचा काही अर्थ असतो का?

असतो, आणि तो कळला की दालनात फिरण्याची मजा वाढते. क्रमांकाच्या आधी रोमन अक्षर असेल तर ती मूर्ती फोगेल यांच्या १९१०च्या कॅटलॉगमधली. ए म्हणजे बुद्ध-बोधिसत्त्व, बी म्हणजे तीर्थंकर, सी म्हणजे यक्ष आणि नाग, डी म्हणजे ब्राह्मणी देवता. कटऱ्याचा बोधिसत्त्व ए १, जमालपूरचा बुद्ध ए ५, परखमचा यक्ष सी १, छडगावचा नाग सी १३. त्यानंतर आलेल्या वस्तूंना वर्ष आणि अनुक्रम मिळाला. कनिष्काचा क्रमांक १२.२१३, म्हणजे १९१२ साली नोंदलेली २१३वी वस्तू.

इतक्या मूर्ती भंगलेल्या कशा?

एकच कारण सांगून मोकळं होता येत नाही. गझनीच्या महमुदाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मथुरा लुटली, जाळली, हे खरं. पण कुषाणकाळातली कितीतरी स्थानं त्याच्या कितीतरी आधीच ओस पडली होती. पूर, पडझड, आणि मग हजार वर्षं दगडांचा पुनर्वापर. आयता घडवलेला दगड मिळाला तर तो पायरीला, विहिरीला, भिंतीला लावायचा, हे सगळ्यांनीच केलं. सिंहशीर्ष पायरीतच होतं ना.

मराठ्यांचा काही संबंध?

संग्रहालयाशी नाही, मथुरेशी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी मथुरा महादजी शिंद्यांच्या ताब्यात होती आणि त्यांचा मुक्कामही इथे असे. १८०३च्या युद्धानंतर ती इंग्रजांकडे गेली.

किती वेळ ठेवावा? मुलांना नेलं तर कंटाळतील का?

अडीच तास तरी. सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. जन्मभूमीपासून रिक्षाने फार वेळ लागत नाही, तेव्हा सकाळचं दर्शन आटोपून दुपारी देवळं बंद असतात तो वेळ इथे द्यावा. एकदा मी नात्यातल्या दोन मुलांना नेलं होतं. त्यांना बुद्धात रस नव्हता. पण कनिष्काच्या बुटांसमोर ती बसली आणि वहीत ते बूट काढत राहिली. मातीच्या लहान बाहुल्यांचं कपाटही मुलांना आवडतं. मौर्य आणि शुंगकाळातल्या त्या राखाडी बायका, केसांत मोठाली फुलं माळलेल्या, आपल्या हाताच्या मापाच्या असतात.

वेळ फक्त एकाच वस्तूपुरता असेल तर?

लोकांना वाटतं मी कनिष्क सांगेन. मी क्यू २ सांगतो. जैनांचा आयागपट, पूजेसाठी ठेवायची चौकोनी शिळा. तिच्यावर एक सबंध स्तूप कोरला आहे: पायऱ्या, तोरण, कठडा, दोन्ही बाजूंना उंच खांब, वर उडत येणारे भक्त. मथुरेतला एकही स्तूप आज उभा नाही. तो कसा दिसत होता ते आपल्याला या शिळेवरून कळतं. आणि ती देणारी आहे वसू नावाची गणिका, लोणशोभिका या गणिकेची मुलगी. तिने आपल्याबद्दल काहीही लपवलेलं नाही. आईचा व्यवसाय आणि आपला व्यवसाय दोन्ही लिहिले आहेत. मग आई, बहीण, मुलगी, मुलगा आणि सगळ्या घरासह आपण अर्हतांच्या पूजेसाठी काय काय बांधलं ते एकेक करून सांगितलं आहे. देवकुल, सभा, शिलापट, आणि एक प्रपा. प्रपा म्हणजे आपली पाणपोई.